माटोळीतली सुपारी महोत्सवाला निघाली: हौशी स्टॉप-मोशन फिल्म पाठवण्याची सगळी तयारी

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, संपली की आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या चित्रशाळेत, मूर्ती घडवतात तिथे, उरलेली चिकणमाती ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवलेली असते. मूर्ती करणाऱ्या काकांकडून त्यातला एक गोळा मागून आणला आणि मी माझी पहिली बाहुली केली: हातपाय असलेली एक सुपारी. तिसऱ्या रात्री दिव्याच्या उष्णतेने तिच्या पोटाला तडा गेला. काका म्हणाले, "अरे, ही माती वाळण्यासाठीच असते. तुला न वाळणारी हवी." मग तेलात मळलेली प्लॅस्टिसिन आणली, आत ॲल्युमिनियमची तार घातली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. फिल्मची गोष्ट एवढीच: माटोळीला, म्हणजे मूर्तीच्या वर फळं-फुलं बांधलेल्या लाकडी चौकटीला, टांगलेली सुपारी रात्री खाली उतरते, घरभर हिंडते आणि सकाळच्या आरतीआधी परत जाऊन लटकते. स्टॉप-मोशन म्हणजे बाहुली केसभर हलवायची, एक छायाचित्र काढायचं, पुन्हा हलवायची. दोन मिनिटं चाळीस सेकंद, १९२० छायाचित्रं, दहा महिन्यांच्या रात्री.

ती अकरा महोत्सवांना पाठवली. तीन ठिकाणी लागली. आठ नकारांपैकी तीन तरी फिल्मला नव्हतेच. एका ठिकाणी संगीताची परवानगी दाखवता आली नाही, एका ठिकाणी परीक्षकांना लिंक उघडली नाही आणि एका ठिकाणी फिल्म आधीच यूट्यूबवर टाकलेली निघाली. यातली संगीताची चूक तर मी पहिलं छायाचित्र काढायच्या आधीच करून बसलो होतो. म्हणून हा लेख पाठवण्याबद्दल असला तरी त्याची सुरुवात कॅमेरा लावण्याच्याही आधीपासून होते. फिल्म तयार झाल्यावर महोत्सव शोधायला बसलं, की काही दारं तोवर बंद झालेली असतात.

कॅमेरा लावण्याआधी

पहिला निर्णय लांबीचा. महोत्सवात लघुपट एकटा दाखवत नाहीत. सात-आठ फिल्म एकत्र गुंफून साधारण दीड तासाचं एक सत्र करतात. वीस मिनिटांची हौशी फिल्म घ्यायची तर निवड करणाऱ्याला दोन-तीन चांगल्या छोट्या फिल्म सोडाव्या लागतात. तीन मिनिटांची फिल्म मात्र कुठल्याही फटीत बसते. नियमात लघुपटाची कमाल मर्यादा मोठी असते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या व्याख्येत तर श्रेयनामावली धरून ४० मिनिटांपर्यंतचा चित्रपट लघुपट असतो. पण त्या मर्यादेकडे बघून गोष्ट ताणू नका. पहिल्या फिल्मसाठी माझा आग्रह तीन मिनिटांचा आहे. श्रेयनामावलीही लांबीत मोजली जाते, म्हणून आभाराची यादी पंधरा-वीस सेकंदांत संपवा.

दुसरा निर्णय वेगाचा. थिएटरमध्ये चित्रपट सेकंदाला २४ फ्रेमने चालतो. आपण सेकंदाला १२ छायाचित्रं काढली आणि प्रत्येक दोनदा दाखवलं, की हिशेब नेमका जुळतो. मोबाइलवरच्या ॲपमध्ये १० किंवा १५ चे पर्यायही असतात आणि घरच्या पडद्यावर ते चांगलेच दिसतात. पण १५ चे २४ करायला गेलं की काही चित्रं एकदा आणि काही दोनदा येतात आणि चालणारी बाहुली मध्येच अडखळते. असं अडखळणं नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने धड जात नाही. तेव्हा १२ ठरवा आणि ॲपमध्ये तो आकडा स्वतः तपासून घ्या.

तिसरा चौकटीचा. डीएसएलआरचं छायाचित्र ३:२ असतं, फिल्म १६:९. म्हणजे वरचा-खालचा भाग कापला जाणार. कॅमेऱ्याच्या पडद्यावर कागदी चिकटपट्टीने १६:९ ची चौकट आखून घ्या आणि तिच्यातच रचना करा. माझ्या एका दृश्यात माटोळीची वरची लाकडी चौकटच कापली गेली होती. सुपारी कशाला लटकते आहे ते कळेना, त्यामुळे तो सगळा भाग मला पुन्हा काढावा लागला.

चौथा निर्णय संगीताचा. त्याला पुढे वेगळी जागा देतो.

आमच्या हवेत चित्रीकरण

बाहेरच्या पुस्तकांत न सापडणाऱ्या काही गोष्टी गोव्यात सांभाळाव्या लागतात. एप्रिल-मे महिन्यात प्लॅस्टिसिन हातातच मऊ पडते आणि उभी केलेली बाहुली सकाळपर्यंत वाकते. पंखा लावला तर बाहुलीचे दोऱ्याचे केस आणि मागचा कागद हलतो. मी रात्री दहानंतर पंखा बंद करून काम करायचो आणि दर अर्ध्या तासाने बाहुलीला दहा मिनिटं बर्फाच्या डब्यावर उभं करायचो. ती आणि बर्फ यांच्यामध्ये प्लॅस्टिकचा कागद हवा, नाहीतर पाणी लागतं. पावसाळ्यात गारवा मिळतो, पण वीज वरखाली होते आणि दिव्याचा उजेड बदलतो. इन्व्हर्टर नसेल तर निदान दिव्यांसाठी चांगला स्टॅबिलायझर घ्या. लेन्सवर बुरशी चढते, म्हणून कॅमेरा हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. आतली साधी लोखंडी तार गंजून तुटते. ॲल्युमिनियमची तार वापरण्याचं एक कारण हेही आहे.

उजेडाची थरथर हा हौशी फिल्मचा सगळ्यात ठळक दोष आणि निवड समितीला तो पहिल्या दहा सेकंदांत दिसतो. त्याची कारणं ठरलेली आहेत. खिडकीतून येणारा उजेड दर मिनिटाला बदलतो, म्हणून खिडकी काळ्या कापडाने पूर्ण झाका. कॅमेऱ्यात एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि फोकस हाताने ठरवून कुलूपबंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. शटर पाव किंवा अर्धा सेकंद उघडं ठेवलं की ते मिणमिणणं एकमेकांत मिसळून जातं, आणि आपली बाहुली स्थिर असल्यामुळे एवढा वेळ परवडतो. इतकं करूनही चित्र थरथरत असेल, तर लेन्सच्या छिद्राचा पडदा दर वेळी केसभर कमी-जास्त मिटतो आहे असं समजा. हाताने छिद्र ठरवता येणारी जुनी लेन्स ॲडॉप्टर लावून वापरली की तो त्रास संपतो. आणि अंगात पांढरा सदरा नको. त्याचा उजेड सेटवर पडतो.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात: ड्रॅगनफ्रेम हे व्यावसायिकांचं, पैसे देऊन घ्यायचं. मोबाइलवर स्टॉप मोशन स्टुडिओ पुरतं. मागची फ्रेम पुसट दिसण्याची सोय दोन्हींत आहे, आणि आपल्याला मुख्यतः तीच लागते.

चित्रीकरण चालू असतानाच दोन कामं उरका, कारण सेट मोडल्यावर ती कधीच होत नाहीत. पहिलं, छापता येतील एवढ्या मोठ्या आकाराची सहा-सात वेगळी छायाचित्रं काढा, उजेड आणि रचना मन लावून जमवून. महोत्सवाच्या पुस्तिकेत फिल्मचं एकच चित्र येतं आणि सुट्या फ्रेममधून ते क्वचितच चांगलं निघतं. दुसरं, सेटवर आपण काम करत असल्याचे दोन-तीन फोटो. हात, बाहुली आणि दिवा एकत्र दिसतील असे. स्टॉप-मोशनच्या बाबतीत लोकांना हे बघायचंच असतं, आणि निवड झाल्यावर आयोजक हमखास मागतात.

रोजची छायाचित्रं त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर उतरवा आणि आठवड्याने तिसरी प्रत दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत फोंड्याला मावशीकडे असायची.

आरतीचे शब्द रामदासांचे, ध्वनिमुद्रण कुणाचं?

सुपारी माटोळीकडे परतते तो शेवट मी 'सुखकर्ता दुःखहर्ता'च्या एका प्रसिद्ध ध्वनिमुद्रणाच्या तालावर केला होता. पावलं, मान, सगळं त्या ठेक्यावर मोजून. रामदासांची सतराव्या शतकातली आरती, हिचे हक्क कुणाचे असणार, असं मला मनापासून वाटत होतं. शब्दांपुरतं ते बरोबरही आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी लेखन सर्वांचं होतं. पण ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो. तो प्रकाशनापासून ६० वर्षं चालतो आणि बहुधा कंपनीकडे असतो. चाल कुणी नव्याने बांधली असेल तर तिचा हक्क आणखी निराळा. म्हणजे चित्रपटात गाणं वापरायचं तर दोन परवानग्या लागतात: रचना चित्राला जोडण्याची आणि ते विशिष्ट ध्वनिमुद्रण वापरण्याची. अर्जात आपण 'सर्व हक्क माझ्याकडे आहेत' यावर खूण करतो. ती खूण म्हणजे कायदेशीर हमी असते.

मला वाट सापडली ती गावातच. आमच्या वाड्यावर घुमट, म्हणजे मातीच्या घटाचं तालवाद्य, वाजवत आरती म्हणणारी मंडळी आहेत. त्याच लयीत त्यांनी देवळाच्या सभामंडपात आरती म्हटली, घुमट आणि शामेळ वाजवलं, झांज धरली. मी ते मुद्रित केलं आणि एका पानावर प्रत्येकाची सही घेतली. त्यावर फिल्मचं नाव, तारीख, 'महोत्सव, इंटरनेट आणि इतर सर्व माध्यमांत वापरण्यास संमती' ही ओळ आणि दिलेलं मानधन लिहिलं. आकडा लहान असला तरी लिहावा. मूळ ध्वनिमुद्रणापेक्षा हा आवाज फिल्मला शंभर पटींनी जवळचा झाला. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून घोषित केलं. मातीच्या बाहुलीला मातीच्याच वाद्याची साथ मिळाली, हे अर्जात लिहिण्यासारखंही ठरलं.

इंटरनेटवरून मोफत संगीत घेत असाल तर क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना पूर्ण वाचा. 'व्यावसायिक वापर नाही' असं असेल तर तिकीट लावणाऱ्या महोत्सवात प्रश्न येऊ शकतो. 'फेरबदल नाही' असं असेल तर ते संगीत चित्राला जोडणं हाच फेरबदल मानला जातो. तेव्हा ते वापरूच नका. फक्त नावाचा उल्लेख मागणारा परवाना आपल्या कामाचा. आणि परवान्याच्या पानाचं छायाचित्र तारखेसह जपून ठेवा, कारण पानं नंतर बदलतात.

स्टॉप-मोशनमध्ये चित्रीकरणाचा आवाज नसतोच, पावलापासून सगळा आवाज नंतर करायचा असतो. सुपारीच्या पावलांसाठी मी शेणाने सारवलेल्या जमिनीवर खरी सुपारी बोटांनी टेकवत नेली. यावर दिलेला वेळ वाया जात नाही. चित्रातला थोडा कच्चेपणा प्रेक्षक समजून घेतो, पण आवाज कच्चा असेल तर फिल्म लगेच घरगुती वाटते.

तीन प्रती

फिल्म पूर्ण झाली की तिच्या तीन वेगवेगळ्या प्रती करा. पहिली मास्टर: प्रोरेस ४२२ एचक्यू (फारशी न दाबलेली, मोठी फाइल) किंवा तशाच दर्जाची, आवाज ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. हीच मूळ प्रत, बाकी सगळं हिच्यातून निघतं.

दुसरी परीक्षकांना बघण्याची, एच.२६४ मधली हलकी फाइल. ती व्हिमिओ या व्हिडिओच्या संकेतस्थळावर पासवर्ड लावून ठेवा किंवा अर्ज करण्याच्या संकेतस्थळावर थेट चढवा. अर्ज गेल्यानंतर मी 'सुरक्षिततेसाठी' पासवर्ड बदलला आणि परीक्षकांनी जुना टाकून बघितला. निकाल लागेपर्यंत पासवर्डला हात लावायचा नाही. एखादी चूक सुधारायची असेल तर व्हिमिओवर लिंक तीच ठेवून आतली फाइल बदलता येते. आणि फिल्म कुठेही सार्वजनिक करू नका, नातेवाइकांच्या गटावर पाठवायलासुद्धा. पुष्कळ महोत्सव इंटरनेटवर खुल्या असलेल्या फिल्म घेत नाहीत, तर काही जण आपल्या देशातला किंवा जगातला पहिलाच खेळ मागतात. फिल्म एकदा यूट्यूबवर गेली की ती संधी परत मिळत नाही.

तिसरी डीसीपी, थिएटरच्या प्रोजेक्टरला लागणारी. निवड झाल्याशिवाय ती कुणी मागत नाही, पण मागतात तेव्हा चार दिवसांची मुदत असते. डीसीपी-ओ-मॅटिक हे मोफत सॉफ्टवेअर घरच्या संगणकावर ती करून देतं. आपली १९२० बाय १०८० ची फिल्म 'फ्लॅट' चौकटीत, म्हणजे १९९८ बाय १०८० मध्ये बसवायची. दोन्ही बाजूंना ३९ पिक्सेलच्या काळ्या पट्ट्या येतात, त्या कुणाला जाणवत नाहीत. ताणून पूर्ण चौकट भरू नका, बाहुल्या जाड दिसतात. वेग २४ ठेवा. सांकेतिक कुलूप लावू नका. त्याची चावी वेळेवर पोहोचली नाही तर खेळच रद्द होतो. संवाद असतील तर ते मधल्या ध्वनिवाहिनीत ठेवा, म्हणजे पडद्याच्या मधून ऐकू येतात. ओळखीच्या थिएटरमधल्या प्रोजेक्शनवाल्याला विनंती करून सकाळचा खेळ सुरू होण्याआधी एकदा चालवून बघा. माझ्या फिल्ममधला रात्रीचा प्रसंग घरच्या पडद्यावर छान दिसायचा. थिएटरमध्ये सुपारीच दिसेना.

संवाद असतील तर इंग्रजी उपशीर्षकं लागतात. ती एसआरटी फाइलमध्ये वेगळी ठेवा, चित्रात कायमची छापू नका, म्हणजे फ्रान्समध्ये लागल्यास तिथली भाषा जोडता येते. संवाद नसतील तर तसं अर्जात स्पष्ट लिहा. पडद्यावर मराठी पाटी किंवा चिठ्ठी दिसत असेल तर तिचं भाषांतर मात्र द्यावं लागतं.

कुठे पाठवायची

गोव्यात राहणाऱ्याचं भाग्य असं की २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, इफ्फी, दर नोव्हेंबरमध्ये पणजीला भरतो. पहिल्या वर्षी तिथे फिल्म पाठवण्याआधी प्रतिनिधी म्हणून नोंदणी करा आणि लघुपटांची सत्रं शेवटपर्यंत बसून बघा. कोणत्या फिल्ममध्ये प्रेक्षक गुंतले आणि कुठे मोबाइल बाहेर निघाले, ते वहीत लिहा. माझ्या फिल्मच्या सुरुवातीचे तीस सेकंद मी महोत्सवाच्या ठिकाणी, मॅकिनेझ पॅलेसच्या अंगणात बसून कापायचं ठरवलं, ते असंच दुसऱ्यांच्या फिल्म बघून.

इफ्फीतला इंडियन पॅनोरमा हा विभाग १९७८ पासून आहे. त्यात कथाबाह्य चित्रपटांची (माहितीपट, लघुपट यांसारख्या) निवड जास्तीत जास्त वीस असते आणि त्यासाठी देशभरातले व्यावसायिक रांगेत असतात. पाठवा, पण तेवढ्यावरच आशा ठेवू नका. वय ३५ च्या आत असेल तर इफ्फीत २०२१ पासून सुरू झालेला तरुण कलाकारांचा उपक्रम बघा, त्यात ॲनिमेशन हाही विभाग असतो. गोमंतकीय निर्मितीसाठीच्या विभागाची आणि राज्य चित्रपट महोत्सवाची घोषणा एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवाकडून होते. स्थानिक वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींवर लक्ष ठेवा.

देशात आपल्या प्रकाराला सगळ्यात जवळचा महोत्सव मुंबईचा, मिफ. माहितीपट, लघुकथापट आणि ॲनिमेशन यांसाठीच तो १९९० पासून दर दोन वर्षांनी भरतो. तिरुवनंतपुरमला केरळचा माहितीपट-लघुपट महोत्सव आहे. बेंगळुरूला लघुपटांचा आंतरराष्ट्रीय महोत्सव आहे. परदेशात फक्त ॲनिमेशनचे जुने महोत्सव म्हणजे फ्रान्समधलं आनसी (१९६०), क्रोएशियातलं झाग्रेब (१९७२) आणि कॅनडातलं ओटावा (१९७६). तिथली स्पर्धा फार मोठी असते. पण मुलांसाठीची सत्रं जवळपास सगळ्यांकडे असतात आणि तीन मिनिटांची, बिनसंवादाची, बाहुल्यांची फिल्म त्यांना हवी असते. अर्जात मुलांच्या विभागावरही खूण करा.

२८ ऑक्टोबर हा जागतिक ॲनिमेशन दिन. १८९२ मध्ये त्या दिवशी एमिल रेनो यांनी पॅरिसमध्ये हलत्या चित्रांचा पहिला जाहीर खेळ केला. ॲनिमेशनवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना असिफा त्या निमित्ताने खेळ ठेवते, तिची भारतीय शाखाही. हौशी माणसासाठी हे चांगलं दार आहे.

आता फसव्या महोत्सवांबद्दल. अर्ज घेणाऱ्या संकेतस्थळांवर हजारो महोत्सव असतात आणि त्यातले पुष्कळ फक्त शुल्क गोळा करतात. मी एकदा पैसे भरले, आठ दिवसांत 'सर्वोत्कृष्ट ॲनिमेशन'चं पत्र आलं आणि सोबत सन्मानचिन्ह विकत घेण्याची किंमत. खेळ कुठेच नव्हता. तेव्हापासून मी चार प्रश्न विचारतो. थिएटरचं नाव आणि पत्ता दिला आहे का? मागच्या वर्षीचा दिवसवार कार्यक्रम सापडतो का? त्या वर्षी निवडलेल्या एखाद्या दिग्दर्शकाला निरोप पाठवला तर तो 'हो, मी तिथे गेलो होतो' असं म्हणतो का? महोत्सव दर महिन्याला भरतो का आणि पुरस्कारांचे विभाग पन्नासच्या वर आहेत का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर पुढे जाऊ नका.

बरेचसे अर्ज फिल्मफ्रीवे या संकेतस्थळावरून जातात, युरोपातले काही फेस्टहोम आणि शॉर्टफिल्मडेपोवरून. फिल्मची माहिती एकदा भरली की सगळीकडे तीच वापरता येते. शुल्क बहुधा डॉलरमध्ये असतं, म्हणून आधी बँकेच्या ॲपमध्ये कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करा. पहिल्या फिल्मचं एकूण बजेट ठरवा आणि त्यापुढे जाऊ नका. काही जुने, नामवंत महोत्सव शुल्क घेतच नाहीत, त्यांना आधी पाठवा. बाकीच्यांना शुल्कमाफीचं नम्र पत्र लिहायला संकोच करू नका. मी पाच पत्रं लिहिली, दोघांनी माफ केलं. पत्र चार ओळींचं असावं: कुठून आहे, पहिली फिल्म, किती लांबीची, आणि त्यांच्याच महोत्सवात ती का शोभेल.

मुदतीचं एक सांगतो. लवकर, नियमित आणि उशिराचे असे टप्पे असतात आणि दर टप्प्याला शुल्क वाढतं. मुदत संपण्याची वेळ महोत्सवाच्या गावची असते. लॉस एंजेलिसची हिवाळ्यातली रात्रीची ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी दुपारची १:२९. उलट जपानची मध्यरात्र आपल्याकडे रात्री साडेआठलाच होते.

अर्जातले शब्द

इथे वेळ घाला. निवड करणारा आधी सारांश वाचतो, मग फिल्म लावतो. माझा पहिला सारांश असा होता: 'परंपरा आणि स्वातंत्र्य यांच्यातल्या शाश्वत संघर्षाची हृदयस्पर्शी कहाणी.' यातून सुपारी दिसत नाही, रात्र दिसत नाही, काहीच दिसत नाही. दुसरा असा केला: 'गोव्यात गणेशचतुर्थीला मूर्तीच्या वर रानातली फळं, फुलं आणि वेली टांगलेली लाकडी चौकट असते, तिला माटोळी म्हणतात. एका रात्री तिच्यातली सुपारी खाली उतरते. सकाळच्या आरतीआधी तिला परत पोहोचायचं आहे.' परक्या माणसाला अनोळखी वस्तू एका वाक्यात समजावली, कोण काय करतं ते सांगितलं आणि घाई कशाची ते सांगितलं. 'हृदयस्पर्शी', 'अनोखी', 'अविस्मरणीय' ही विशेषणं आपण वापरायची नसतात. ती बघणाऱ्याने द्यायची.

सारांशाच्या दोन प्रती ठेवा, एक एका वाक्याची, एक साठ-सत्तर शब्दांची. इंग्रजीत करताना चांगलं इंग्रजी येणाऱ्या शिक्षकाकडून तपासून घ्या, पण 'माटोळी' हा शब्द तसाच ठेवा. दिग्दर्शकाच्या मनोगतात जीवनप्रवास नको. ही फिल्म तुम्हीच का केली, याचं एक खरं कारण पुरतं. मी लिहिलं की लहानपणी माटोळीखाली झोपायला मिळायचं, तेव्हा वरची सुपारी माझ्याकडे बघते आहे असं वाटायचं.

परिचयात 'हौशी' म्हणवून घ्यायला लाजू नका. गोव्यात देवळाच्या जत्रेतलं नाटक काय, कला अकादमीची मराठी नाट्यस्पर्धा काय, सगळं हौशी माणसांनीच उभं केलं आहे. त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनी पहिल्या चित्रपटाचं भांडवल उभं करण्यासाठी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम घेत टिपून दाखवली होती, आणि पुढे आगकाड्याही याच रीतीने हलवल्या. आपण करतो तेच ते काम.

बारीक पण महत्त्वाचं: फिल्मचं आणि तुमचं नाव रोमन लिपीत सगळीकडे एकाच स्पेलिंगने लिहा, तुमचं तर पासपोर्टप्रमाणेच. पूर्ण झाल्याची तारीख म्हणजे अंतिम प्रत निघाल्याची तारीख. बहुतेक महोत्सव एक-दोन वर्षांपेक्षा जुन्या फिल्म घेत नाहीत. मुलांनी केलेली फिल्म असेल तर पालकांची लेखी संमती जोडा. भारतातल्या महोत्सवासाठी सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसेल तर आयोजक माहिती आणि प्रसारण मंत्रालयाकडून सूट मागतात. तुम्हाला त्यासाठी सारांश आणि तपशील वेळेत द्यावे लागतात. पण नियमपत्र वाचा, काहींना प्रमाणपत्रच हवं असतं.

हे सगळं एका वहीत मांडून ठेवा: महोत्सव, पाठवल्याची तारीख, शुल्क, दिलेली लिंक, निकाल कधी, पहिल्या खेळाची अट काय. दोन महोत्सव एकाच वेळी 'पहिला खेळ आमचाच' म्हणू लागले की ही वही कामी येते.

उत्तर आल्यावर

नकाराचं पत्र ठरावीक साच्याचं असतं आणि कारण देत नाही. कारण विचारू नका, त्यांना हजारभर लोकांना उत्तर द्यायचं असतं. ओळीने पाच-सहा नकार आले तर मात्र फिल्म न बघितलेल्या दोघांना ती शेजारी बसून दाखवा आणि त्यांच्या चेहऱ्याकडे बघा. मी तसं केलं, वीस सेकंद आणखी कापले आणि त्यानंतरच पहिली निवड झाली.

निवड झाली तर त्याच दिवशी होकार कळवा. डीसीपी, छायाचित्रं, सारांश आणि संगीताची यादी एकाच फोल्डरमध्ये पाठवा. प्रवास-निवासाची सोय आहे का ते मोकळेपणाने विचारा. छोट्या महोत्सवांकडे प्रवासाला पैसे नसतात, पण राहायची सोय बरेचदा करतात. परदेशी जायचं तर व्हिसासाठी निमंत्रणपत्र लगेच मागा. जाता येत नसेल तर मिनिटभराचा ओळखीचा व्हिडिओ पाठवा, आणि त्यात बाहुली हातात धरा. महोत्सवाचं दोन बाजूंना पानांच्या डहाळ्या असलेलं चिन्ह (लॉरेल) पोस्टरवर टाकताना आयोजकांनी दिलेलंच वापरा. निवड आणि पुरस्कार यांची चिन्हं वेगळी असतात.

फेरी साधारण दीड-दोन वर्षं चालते. माझी संपली तेव्हा मी आधी लिंक खुली केली नाही. चवथीच्या आदल्या रात्री चित्रशाळेच्या भिंतीवर पांढरं कापड लावलं, मूर्ती बाजूला सरकवल्या आणि घुमटवाल्या मंडळींना, मूर्तीकाकांना, वाड्यावरच्या पोरांना फिल्म दाखवली. सुपारी दोरीला लोंबकळताना एक मुलगी मोठ्याने ओरडली, "पडतली रे ती!" ती फिल्म आता यूट्यूबवर आहे. सुपारी काकांच्या खिडकीत, काचेच्या बरणीत ठेवली आहे. दर मे महिन्यात ती थोडी वाकते आणि काका तिला सरळ करतात.